पाहणीचा निरोप

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान उघडे ठेवून ऐकावी.

त्या राज्यातल्या एका बाजारगावात वेशीला लागून चौकी होती. चौकीत एक जमादार, त्याच्या हाताखाली काही शिपाई, आणि दाराशेजारीच एक कोठडी. राजा शहाणा होता. बंद दाराआड माणसाच्या हाती काठी दिली की काय होतं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने नियम घातला होता. गावाने आपल्यातलं एक माणूस निवडावं. त्या माणसाने वाटेल तेव्हा चौकीवर जावं, कोठडी उघडायला लावावी आणि कैद्याला विचारावं, 'जेवलास का? कुणी हात उगारला का?' दार उघडलं नाही, तर वेशीवरची घंटा वाजवून गाव गोळा करावं. या कामाला पगार नव्हता. मान मात्र होता.

त्या वर्षी हे काम भिवराकडे आलं. भिवरा घोंगड्या विणायची. स्वभावाने सरळ, बोलायला गोड, आणि आपल्यामुळे कुणाची गैरसोय होऊ नये म्हणून फार जपणारी. या शेवटच्या गुणानेच पुढे घात केला.

पहिल्या खेपेला ती भर उन्हात गेली, तेव्हा जमादाराने स्वतः उठून सतरंजी अंथरली.

"मावशी, एवढ्या उन्हातान्हाचं आलात आणि इथं तुम्हाला द्यायला घोटभर ताकही नाही," तो म्हणाला. "यायच्या आधी नुसता निरोप धाडत जा. आमची माणसं जागेवर असतील, तुमचाही खोळंबा व्हायचा नाही."

भिवराला ते पटलं. भल्या माणसाच्या घरी आगंतुकासारखं जाऊ नये, तसंच हेही, असं तिला वाटलं. तेव्हापासून ती चौकीत पाणी भरणाऱ्या पाणक्याकरवी आधी निरोप धाडू लागली. गेली की कोठडी झाडलेली असायची, कैदी जेवलेला असायचा आणि ताक गार असायचं. आमच्या चौकीत सगळं कसं नीट चालतं, असं गाव कौतुकाने सांगू लागलं. खरं सांगायचं तर जमादार वाईट माणूस नव्हताच. हीच तर पंचाईत होती. वाईट माणसावर नजर ठेवा, असं कुणाला सांगावं लागत नाही.

मग एके दुपारी गावाच्या बियाण्याचं कोठार पेटलं.

गावाची दोन कोठारं होती. त्यातलं पहिलं बघता बघता राख झालं. लोक धावले तेव्हा कोठाराच्या मागे एक परका माणूस ओरडत उभा होता. स्वतः घडवलेल्या लाकडी फण्या गावोगाव हिंडून विकणारा तो एक तरुण फणीवाला होता. परका माणूस कोठारामागे काय करत होता? कुणी त्याचं ऐकून घेतलं नाही. लोकांनी त्याला धरून चौकीत दिलं.

जमादार चौकात उभा राहून म्हणाला, "बाजाराच्या दिवशी न्यायाधीश येणार आहेत. त्याआधी याच्या तोंडून कबुली काढतो."

लोकांना बरं वाटलं. कबुली म्हणजे फाशी, हे सगळ्यांना माहीत होतं. भिवराच्या दिराचंही बियाणं त्या आगीत गेलं होतं, आणि तिलाही फणीवाल्याचा रागच आला होता.

तरी नियम तो नियम. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप धाडून ती चौकीवर गेली. फणीवाला भिंतीशी उभा होता. अंगात कोरा सदरा. जमादार भिवराच्या खांद्याशी येऊन थांबला.

"जेवलास का?" तिने विचारलं.

"हो."

"कुणी हात उगारला का?"

फणीवाल्याने जमादाराकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला.

"मग उभा का? बस की."

"उभाच बरा आहे."

भिवरा ताक पिऊन घरी आली आणि मागावर बसली. पण हात चालेना. फण्या विकून पोट भरणाऱ्या माणसाकडे कोरा सदरा कुठून आला? आणि त्याच्या बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या, त्या कशासाठी? तिने निरोप धाडला होता, म्हणून तो सदरा आला होता. हे तिला आता कळलं. धागा तसाच लोंबकळत सोडून ती उठली.

बाजारात दिराने तिला अडवलं.

"वहिनी, निघालात कुठं?"

"चौकीवर."

"सकाळीच जाऊन आलात की! त्या आगलाव्याचे लाड आता पुरे झाले. माझ्या पोरांच्या तोंडचा घास जळलाय, वहिनी."

 भिवरा मान खाली घालून चालत राहिली. दीर मागोमाग निघाला, आणि त्याच्यामागून बाजारातली आणखी माणसं. काहींच्या हातात काठ्या होत्या.

चौकीच्या दारात शिपाई आडवा झाला. "आत्ता तर निरोप नव्हता."

"नव्हताच. कोठडी उघड."

तेवढ्यात आतून फटक्याचा आवाज आला. आणखी एक आला. मग सगळं शांत झालं. जमादार तोंड पुसत बाहेर आला आणि त्याने मागे कोठडीचं दार ओढून कुलूप लावलं.

"मावशी! अहो, चावी घेऊन शिपाई नदीवर गेलाय. उद्या या. निरोप धाडून या."

"तुम्ही आत्ता आतूनच आलात," भिवरा म्हणाली.

जमादाराचं हसू मावळलं. तो जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "मावशी, गाव खवळलंय. कबुली निघाली नाही तर हे लोक चौकी पाडतील. आणि तुम्ही एकट्या राहता. उद्या घरात चोर शिरला तर हाक कुणाला माराल?"

 घंटेची दोरी हाताशीच होती. तिने ती धरली आणि मागे वळून पाहिलं. दिराने दगड उचलला होता. घंटा वाजली तर सगळं गाव लोटेल. दार उघडेल खरं, पण फणीवाला जिवंत बाहेर यायचा नाही.

तिने दोरी सोडली. ती कोठडीच्या उंबऱ्यात दाराला पाठ लावून बसली.

"आता आत कुणी जायचं नाही," ती म्हणाली. "जमादारांनी नाही, आणि तुम्हीही नाही."

एक दगड चौकटीवर आदळला. भिवरा हलली नाही. 

तिने दाराच्या फटीला तोंड लावलं. "फणीवाल्या, ऐकू येतंय का? सकाळी माझं चुकलं. जमादारांना शेजारी उभं करून विचारलं. आता पुन्हा विचारते. कुणी हात उगारला?"

 गर्दी ऐकायला पुढे सरकली.

"बोटं मोडली, मावशी," आतून आवाज आला. "कबूल कर म्हणतात. मी आग लावली नाही, मी आग पाहिली. ओरडलो तो मीच. पण काय पाहिलं ते सांगायला लागलो की मारतात."

"मग सांग ना!" दीर ओरडला. "कोण होतं तिथं?"

"कुणीच नव्हतं. भिंतीशी पोती रचली होती. खालची जमीन ओली होती. पोत्यांतून आधी वाफ निघाली आणि मग जवळच्या गवताने पेट घेतला. विस्तव नव्हता, माणूस नव्हता."

"वाफेने कुठं आग लागते का?" कुणीतरी हसलं.

गर्दीत एक म्हातारा गवंडी होता. तो मात्र हसला नाही. "चुना!" तो म्हणाला. "वेशीच्या डागडुजीसाठी आणलेला कळीचा चुना. कोठारामागच्या पाटाचं पाणी पोत्यांखाली झिरपलं असणार. पाणी लागलं की तो असा तापतो की जवळचं गवत पेटतं." मग त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे, उरलेली पोती दुसऱ्या कोठारात आहेत, आणि पाट तिथूनही जातो!"

सगळे धावत सुटले. दीर सर्वांत पुढे होता. दुसऱ्या कोठारात पोती तापली होती आणि शेजारचं गवत करपायला लागलं होतं. लोकांनी बांबूंनी पोती ओढून बाहेर काढली. थोडा उशीर झाला असता, तर पुढच्या हंगामात पेरायला गावात मूठभर दाणाही उरला नसता. ज्या एका माणसाला हे ठाऊक होतं, त्याचंच तोंड गावाने बंद केलं होतं.

भिवरा धावली नाही. उंबऱ्यात ती होती आणि समोर जमादार. त्याने मुकाट्याने कमरेची चावी काढली. कुलूप उघडून तो बाजूला झाला.

आत फणीवाला भिंतीला टेकून बसला होता. त्याचे हात पाहून भिवराला रडू फुटलं. "मला माफ कर रे बाबा," ती म्हणाली.

फणीवाला रागावला नाही. तो इतकंच म्हणाला, "मावशी, सकाळी तुम्ही आलात तेव्हा उजवाच हात मोडला होता. डावा त्यानंतर मोडला."

बाजाराच्या दिवशी न्यायाधीशांनी फणीवाल्याला सोडलं आणि जमादाराचा पट्टा उतरवला. फणीवाल्याच्या हातून पुन्हा फणी घडली नाही. गावाने त्याला जन्मभर सांभाळलं, आणि त्याच्या ताटात पहिली भाकरी नेहमी भिवराचा दीर वाढायचा. भिवराने पाहणीचं काम सोडलं नाही. ती कधीही जायची, न कळवता जायची, आणि शिपायांना बाहेर काढूनच कैद्याशी बोलायची. नव्या जमादाराला ते आवडत नसे. तिने त्याची पर्वा केली नाही.

तात्पर्य : ज्यांच्या हाती काठी दिली त्यांच्यावर नजर ठेवताना भीड धरू नये, कारण आपल्या भिडेची किंमत बंद दाराआडचा माणूस चुकवतो.