तिसऱ्या हाकेनंतरची माळ

फार मागची गोष्ट. डोंगर तेव्हाही होते तसेच होते, माणसं मात्र थोडी होती, आणि एका घरची काळजी सगळ्या गावाला असायची.

अशाच एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव वसलेलं होतं. डोंगर तरी कसला! वर उभे सुळके, खाली दाट रान आणि मधे घळीच घळी. एका घळीत उतरलेला माणूस शेजारच्या घळीतल्या माणसाला दिसायचा नाही, मग दोघांमधे कातळाची एकच भिंत का असेना.

त्या गावात एक गुरवीण राहत होती. देवळाची पूजा नवऱ्याकडे, पण सांजवात, फुलं, नैवेद्य सगळं तिच्या हातचं. नेमधर्माची मोठी. कधी सोमवार, कधी चतुर्थी, कधी चातुर्मासात एकभुक्त, तर कधी कुणाची लेक सुखरूप बाळंत व्हावी म्हणून पिंपळाला प्रदक्षिणा. नवरा थट्टा करायचा, "अगं, गावाच्या सगळ्या अडचणी तुझ्या उपासावर सुटतात, आणि मला मात्र रोज वरीचे तांदूळ!" ती हसायची आणि त्याच्या ताटात गरम भाकरी वाढायची.

गावाच्या खालच्या आळीला एक म्हातारी कुंभारीण होती. तिला एकुलता एक लेक, दौलत. पोरगा कामाला चोख, पण चाकावर मडकं घडवतानाही नजर डोंगराकडे. हातातलं काम संपलं की फडक्यात भाकरी बांधायची आणि निघायचं. आज हा सुळका, उद्या ती खिंड. म्हातारी कुरकुरायची, "तिथं काय तुझी सासुरवाडी आहे का रे?" तो म्हणायचा, "आई, वरून आपलं घर एवढंसं दिसतं गं, बोरासारखं. ते बघायला जातो."

एकदा थंडीच्या दिवसांत तो असाच पहाटे गेला आणि संध्याकाळी आलाच नाही. रात्र गेली. सकाळी म्हातारी देवळाच्या पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "माझा लेक डोंगरात राहिला. त्याला कुणीतरी आणा."

कुणी कुणाला बोलवायला गेलं नाही. शेतातला शेतातून आला, भट्टीवरचा भट्टीवरून आला. दोरखंड आले, घोंगड्या आल्या, कुऱ्हाडी आल्या. पाटलांनी माणसांच्या टोळ्या पाडल्या आणि डोंगर वाटून दिला. गुरवीणही पदर खोचून निघाली. तिनं आणि म्हातारीनं वर्षानुवर्षं एकाच पाणवठ्यावर घागरी भरल्या होत्या. मडकी घडवणाऱ्या त्या पोराला तिनं पाळण्यात बघितलं होतं.

पाटील तडफदार माणूस. "दिवस लहान आहे," ते म्हणाले, "एकही घळ सुटता कामा नये. तोंडाशी उभं राहायचं, हाक मारायची, ओ आली तर ठीक, नाही तर पुढची घळ!"

झालं. दिवसभर डोंगर नुसता घुमत होता. "दौल्याऽऽ!" की पुढे. "दौल्याऽऽ!" की पुढे. दिवस मावळता मावळता शेवटची घळ झाली आणि सगळे मान खाली घालून उतरले. पायांत काटे, घसे बसलेले, हात रिकामे.

"एकही घळ सोडली नाही," पाटील हताश होऊन म्हणाले. "तो असता, तर ओ दिली नसती का?"

कुणीतरी मागून पुटपुटलं, "आता आकाशात गिधाडं कुठं फिरतात तेवढं बघायचं राहिलं."

गुरवीण गर्रकन वळली. "जीभ आवर! त्याची आई ऐकते आहे तिथं. उद्या पुन्हा जायचं."

मग तिनं घरून पातळ पेज करून आणली आणि म्हातारीपुढे धरली. म्हातारी घेईना.

"लेक उपाशी आहे. मी कशी पिऊ?"

"तो आला की त्याला भाकऱ्या कोण थापणार मग? मी नाही हो थापायची. प्या."

म्हातारीनं दोन घोट घेतले. "माझा लेक शहाणा आहे गं," ती म्हणाली. "रानात कसं वागायचं ते सगळं मी त्याला लहानपणीच शिकवलंय. तिन्हीसांजेला पाण्यात उतरायचं नाही. वारुळाशेजारी बसायचं नाही. आणि रानात हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. वाट चुकवणारा चकवा दोनच हाका मारतो, तिसरी काही त्याला मारता येत नाही. तिसरी आली तर समजायचं आपलं माणूस आहे, मगच ओ द्यायची."

गुरवीण ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या हातातली पळी तशीच राहिली.

ती उठली ती थेट चावडीवर. पाटील, लोहार आणि बाकीची मंडळी शेकोटीभोवती बसली होती. तिनं विचारलं, "पाटील, रानात चकव्यानं हाक मारली तर काय करायचं हो?"

"हे काय विचारणं झालं काकू? तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. लहान पोरालाही ठाऊक आहे."

"आणि आज आपण प्रत्येक घळीत किती हाका मारल्या?"

शेकोटीतलं लाकूड तडतडलं. लोहारानं कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! अख्खा दिवस आम्ही चकवा होऊन फिरलो की!"

हसू आलं आणि तिथंच विरलं. आईनं सांगितलेलं सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण ते हरवणाऱ्यासाठी आहे, शोधणाऱ्यानंही ते लक्षात ठेवायला हवं, हे कुणाच्याच ध्यानी आलं नव्हतं.

"उद्या तीन हाका," पाटील म्हणाले. "ठरलं."

"तीन हाका, आणि मग थांबायचं," गुरवीण म्हणाली. "तो पडला असेल, झोप लागली असेल, घसा सुकला असेल. ओ द्यायला त्याला अवधी नको?"

"काकू, थांबत बसलो तर निम्मा डोंगर राहील!"

"धावत धावत सगळा डोंगर आज बघितलाच की. काय मिळालं?"

पाटील चिडले नाहीत, पण त्यांना पटलंही नाही. आणखी एक रात्र थंडीत गेली तर पोराचं काय होईल, ही धास्ती त्यांनाही होतीच. "तुमच्या टोळीचं तुम्ही बघा," ते म्हणाले. "माझ्यानं थांबवणार नाही."

गुरविणीनं घरी जाऊन देवापुढे दिवा लावला आणि हात जोडले. "देवा, प्रत्येक घळीत तीन हाका मारीन. तिसऱ्या हाकेनंतर जपाची एक माळ पुरी होईपर्यंत जागची हलणार नाही. पोर सापडेपर्यंत हाच माझा नेम."

नवरा मागे उभा होता. आज त्यानं थट्टा केली नाही. "उद्याचा नैवेद्य मी रांधतो," तो म्हणाला. "थोडा करपला तर देव चालवून घेईल. तू जा."

सकाळी सगळे पुन्हा निघाले. गुरविणीबरोबर लोहार होता, खांद्यावर दोरखंडाचं वेटोळं घेऊन. पहिल्या घळीत तिनं तीन हाका मारल्या, कातळावर बसली आणि माळ हातात घेतली. एकेक मणी सरत होता. रान गप्प होतं. माळ पुरी झाली, उत्तर आलं नाही. ती उठली.

दुसऱ्या घळीतही तेच. तिसऱ्या घळीत लोहाराचा धीर सुटला.

"काकू, जरा भराभर ओढा की मणी! देव काही मोजायला बसलेला नाही."

"देव नाही मोजत रे. मीच मोजते. मोजलं नाही तर माझे पाय तुझ्याआधी पळतील."

ऊन चढलं, कललं. काट्यांनी तिचं लुगडं फाटलं, पायाला ठेच लागून रक्त आलं. तिनं चिंधी बांधली आणि पुढची घळ धरली. ती घळ सगळ्यांत अरुंद होती; आत उतरायला वाट नव्हती आणि खालचं काही दिसत नव्हतं. आदल्या दिवशी पाटील स्वतः इथं हाक मारून गेले होते.

"दौल्याऽऽ! दौल्याऽऽ! दौल्याऽऽ!"

घळीनं तिन्ही हाका परत केल्या. गुरवीण बसली. माळ निम्म्यावर आली असेल नसेल, तोच डोंगराच्या पलीकडच्या सोंडेवरून आरोळी आली, "मुंडासं सापडलंऽऽ! दौल्याचं मुंडासं! सगळे इकडे याऽऽ!"

लोहार उडीच मारून उठला. "सापडला! काकू, चला!"

गुरविणीचे पाय उठायला निघालेच होते. मुंडासं तिकडे, म्हणजे पोरही तिकडेच असणार. सगळे तिकडे धावत असताना आपण इथं मणी ओढत बसायचं? मनानं लगेच तोडही काढली: माळ उद्या दुप्पट करू, देव दयाळू आहे, रागावणार नाही.

आणि तिथंच ती थबकली. देव रागावणार नव्हता, हे खरंच होतं. पण हा नेम देवासाठी घेतलाच कुठं होता? तो या घळीत कुणी असलं तर त्याच्यासाठी होता. मुंडासं वाऱ्यानंही उडतं. ज्याला ओ द्यायची आहे त्याच्यासमोरून निम्म्यात उठून जायचं, तर मग तीन हाका तरी कशाला मारल्या?

"तू जा," ती म्हणाली. "दोर इथं ठेव. माळ झाली की मी येते."

"काकू, हट्ट करू नका!"

"जा म्हणते ना."

लोहार पळाला. त्याच्या पावलांचा आवाज विरला. घळीवर वारा तेवढा राहिला. गुरविणीनं डोळे मिटले आणि मणी पुढे सरकवला. मन शंभर ठिकाणी धावत होतं, ते ती एकेका मण्याला आणून बांधत होती. थोडेच मणी उरले.

ठक.

तिचं बोट थांबलं. सुतारपक्षी असेल.

ठक. ठक.

खालून, कातळातून आवाज येत होता. ती पालथी पडून घळीच्या काठावरून वाकली. "दौल्या! बाळा, तूच आहेस का? असशील तर आणखी एकदा वाजव!"

ठक!

आणि मग कोरड्या, फाटक्या आवाजात, "का... कू..."

गुरविणीच्या डोळ्यांना धारा लागल्या. तिनं अंगावरची घोंगडी दोराला बांधून आधी खाली सोडली, पाठोपाठ पाण्याची चरवी सोडली. मग सोंडेकडे तोंड करून ती ओरडली, "लोहाराऽऽ!" कुणी ओ देईना. "लोहाराऽऽ!" तरी नाही. तिसऱ्यांदा बेंबीच्या देठापासून हाक मारली, तेव्हा लांबून "ओऽऽ" आली!

मुंडासं वाऱ्यानं उडून तिकडे एका करवंदीच्या जाळीला अडकलं होतं, एवढंच. सगळे उलटे धावत आले. लोहार दोराला धरून खाली उतरला. दौलतचा पाय मोडला होता, ओठ फुटले होते; कपारीत झिरपणारं पाणी चाटून तो राहिला होता. घोंगडीची झोळी करून त्याला अलगद वर घेतलं आणि आळीपाळीनं खांदा देत सगळे गाव गाठायला निघाले.

"काल आम्ही इथंच येऊन गेलो रे!" पाटील कळवळून म्हणाले. "हाक ऐकली नाहीस?"

"ऐकली. दुसरीची वाट बघत राहिलो. आलीच नाही." तो थांबून थांबून बोलत होता. "आज तिन्ही ऐकल्या, पण घसा फुटेना. हाताशी दगड नव्हता. सरपटत सरपटत त्या टोकाच्या दगडापर्यंत जायला फार वेळ लागला. वाटलं, एव्हाना गेले असतील."

पाटलांनी नुसता त्याच्या कपाळावर हात ठेवला.

दिवस टेकायच्या आत झोळी देवळापाशी पोचली. म्हातारीनं लेकाचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आणि पहिलं काही केलं असेल तर त्याला झापलं. "मेल्या, पहिल्याच हाकेला ओ द्यायला काय झालं होतं तुला?"

"तूच तर सांगितलंस ना, आई!"

अख्खं गाव हसलं आणि रडलं. आत गुरवानं नैवेद्य दाखवला. तो चांगलाच करपला होता, पण त्या दिवशी प्रसादाला कुणी नाव ठेवलं नाही.

पाटील गुरविणीजवळ आले. पागोटं काढून हातात घेतलं होतं. "काकू, एक विचारू? माळ पुरी झाली असती आणि त्या घळीतूनही काहीच आलं नसतं, तर हो?"

गुरवीण पायाची चिंधी सोडवत होती. तिनं वर पाहिलं.

"तर पुढची घळ, पाटील. तिथं तीन हाका. आणि पुन्हा एक माळ."

या गोष्टीचं तात्पर्य असं: हरवलेल्याला नुसती हाक मारून भागत नाही. त्याला ओ देता येईल इतका वेळ जो धीर धरून थांबतो, त्यालाच तो सापडतो.