नखाच्या चालीनं

उन्हवडीचा सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार, पश्चिमेला एकाएकी संपतो. पुढं कातळ नाही, वाट नाही. खाली दीडशे हातांवर समुद्र. अगदी काठावर दगडात सात खाचा कोरलेल्या आहेत. प्रत्येक खाच काठाशी येऊन अर्धीच तुटलेली. उरलेली अर्धी कुठं गेली, असं पाहुणे विचारतात. भूमकादेवीची पूजा ज्यांच्या घरात चालत आली ते भिवा घाडी समुद्राकडे हात करून ‘पलीकडे’ म्हणतात. मग सगळ्यांना काठापासून दहा पावलं मागं नेतात, कातळातल्या केसाएवढ्या भेगेच्या अलीकडे बसवतात, आणि तेव्हाच गोष्टीला हात घालतात.

असे सांगतात की तेव्हा इथं समुद्र नव्हता. सड्याला लागून सडा, वाडीला लागून वाडी, अशी एकच जमीन जगाच्या टोकापर्यंत होती. जुने जाणते म्हणत, धरणी म्हणजे भूमकादेवीच्या चुलीवरच्या दुधाची साय. खाली आच. साय मधे गोळा होते, जाड होते, मग वाफेला वाट उरत नाही आणि ती फाडून बाहेर येते. तुकडे कडेला सरकतात, एकमेकांवर चढतात, सुरकुततात. त्या सुरकुत्या म्हणजे डोंगर. फिरत फिरत तेच तुकडे दुसऱ्या कुठल्या कडेला पुन्हा एक होतात. असं किती वेळा झालं ते देवीला ठाऊक. माणसाला मात्र आपल्या वेळची साय कायमची वाटते.

त्या काळी वाडीच्या मधून एक भेग होती, पाऊल टाकून ओलांडावी एवढी. तिच्यातून ऊन पाणी झिरपायचं. भेगेच्या अलीकडे बाळोजी पाथरवटाचं घर, पलीकडे त्याच्या बायकोचं, आवडाचं, माहेर. माहेरी एकटी आई, गोजरा. आवडाला पाच महिन्यांची मुलगी होती, तानू.

आवडा भित्री म्हणून वाडीभर प्रसिद्ध. पाळणा हलायचा थांबला की ती बाळाच्या नाकाशी बोट धरायची. तानूची नखं वाढून गालावर ओरखडे उठले तरी काढायचा धीर नाही. कातडी आली तर? मग गोजरा भेग ओलांडून यायची, नातीची बोटं एकेक करून तोंडात धरायची आणि दातांनी नखं अलगद कुरतडायची. आवडा तेवढा वेळ तोंड फिरवून उभी.

त्या वर्षी भेग रुंदावली. एक वासरू आत गेलं. पंच बसले, आणि बाळोजी म्हणाला, फाटलं की शिवायचं, त्यात काय विचारायचं? त्यानं भेग दगड-चुन्यानं गच्च भरली आणि या काठापासून त्या काठापर्यंत सात खाचा कोरून त्यांत दोन्ही काठांना धरून ठेवणारे लोखंडाचे सात टाके ठोकले. त्याच्या हातचं काम म्हणजे कामच, असं पंच म्हणाले. नारळ फुटला. ऊन पाणी त्याच दिवशी बंद झालं.

चौथ्या दिवशी आवडानं चुलीवर दूध ठेवलं. साय धरली, मधे फाटली. कुणास ठाऊक काय मनात आलं, तिनं पळीनं दोन्ही कडा ओढून जोडल्या आणि पळी तशीच दाबून धरली. दूध दुसरीकडून फुगलं आणि तिच्या हातावर आलं. हात पोळला त्याचं तिला काही वाटलं नाही. तिनं तोच हात पाळण्याखालच्या जमिनीला लावला. जमीन कोमट होती.

तिनं नवऱ्याला सांगितलं. बाळोजी हसला. ‘मांजर शिंकलं तरी तू पोर उचलतेस,’ तो म्हणाला. ‘तुझ्या भीतीनं चालायचं तर मी घर बांधूच नये.’

त्याचंही चूक नव्हतं. आवडा आजवर शंभर गोष्टींना भ्याली होती आणि त्यातली एकही घडली नव्हती. या एकशे एकाव्या भीतीला खरं मानायचं कशावरून? या विचारात तिनं तीन दिवस घालवले. जमीन तापत गेली. गुरं बसेनात. पूर्वेकडची माळजमीन फुगून वर आली, आणि पाळण्याखाली केसाएवढी रेघ उमटली. बाळोजीनं तीही चुन्यानं भरली.

तेव्हा आवडा आईकडे गेली. गोजरानं सगळं ऐकून घेतलं.

‘भीती खोटी ठरली तर लोक हसतील, बाय,’ ती म्हणाली. ‘हसू दे. पहार आण.’

भर दुपारी, पुरुष खाणीवर असताना, मायलेकी कामाला लागल्या. आवडानं तानूला झोळीसकट पार मागं, फणसाला टांगलं होतं. टाके असे बसवलेले की दोन्ही टोकं एकदम उचलली तरच निघावेत. म्हणजे शेवटचा टाका सुटून काठ दुरावले की एकीनं पलीकडे राहणं आलंच. हे दोघींनाही पहिल्याच टाक्याला कळलं. सहा निघाले. सातव्याला आवडाचा हात थांबला. एकदम उचललं नाही तर टाका सुटणार नव्हता. नाही सुटला तर जमीन पाळण्याखालून फाटणार होती.

‘नखं वाढलीत तिची,’ गोजरा म्हणाली. ‘आता तूच काढ.’ आणि तिनं पहार दाबली. आवडानंही दाबली.

दगड-चुना उडाला, उकळतं पाणी वर आलं, मागून खारं पाणी धावत आलं. धूर विरला तेव्हा पलीकडची जमीन हाक पोचेल एवढ्या अंतरावर होती. मधल्या पाण्याला असा कढ होता की त्यात उतरणार कोण? बाळोजी धावत आला, काठाशी बसला, आणि आपल्या अर्ध्या खाचांवरून हात फिरवत राहिला. त्यानं पुन्हा कधी छिन्नी धरली नाही म्हणतात.

त्यानंतर ती जमीन नखाच्या चालीनं दूर जात राहिली. रोज बघावं तर तिथंच. वर्षानं बघावं तर हाक पोचत नाही. मग नुसता हात दिसे. मग नुसता चुलीचा धूर. त्या पहिल्या संध्याकाळी आवडा तानूला घेऊन काठावर आली होती. तिनं लेकीची बोटं तोंडात धरली, डोळे उघडे ठेवले, आणि दहाही नखं काढली. एकदाही कातडी आली नाही. आईला दिसावं म्हणून तिनं तानूचा हात उंच धरला आणि नखं पाण्यात सोडली.

एके सकाळी धूर दिसला नाही. आवडा तरीही नखं घेऊन येत राहिली. फाटलेली साय कुठल्या तरी कडेला जुळते, असं ती लेकीला सांगायची. स्वतःला ते किती पटायचं, हे कुणी सांगत नाही.

आजही उन्हवडीत बाळाची पहिली नखं आईच दातांनी काढते. कड्याखाली ऊन पाणी आजही वाहतं. पाळण्याखाली उमटलेली ती केसाएवढी भेग कुणी बुजवत नाही. बायका दर वर्षी तिच्यातली माती काडीनं काढतात. नखं सोडायला आई एकटीच ती भेग ओलांडते. बाळ अलीकडे, दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असतं. ती काठावर जाते, नखं सोडते, वळते. तिची दोन्ही पावलं अलीकडे पडेपर्यंत सड्यावर कुणी बोलत नाही.