खिडकीतला कप

ज्या काळी भांडीकुंडी बोलत असत, त्या काळी एका घरात एकसारखे सहा कप होते. पाच फळीवर बसत. सहावा झाडलोट करणाऱ्या भागाबाईंसाठी ठेवलेला, म्हणून खिडकीत एकटा.

एकदा तो फळीकडे जरा सरकला, तसा थोरला कप खेकसला, "ए, शिवू नकोस!" बाकीचे फिदीफिदी हसले.

किटलीला मात्र हसू आलं नाही. "का रे? त्याच्यात मी वेगळा चहा ओतते?"

"तोच चहा," थोरला पुटपुटला.

"मग उतरा खाली. आजपासून सगळे खिडकीत."

खाली मान घालून एकेक जण उतरला.

चहाच्या वेळी मालकीणबाईंनी सहाही कप उलटसुलट करून पाहिले. भागाबाईंचा कुठला, काही केल्या ओळखू येईना.

"बाई, ओता आता," किटली म्हणाली, "चहा निवतोय."