साळूबाई रांजणात काय ठेवायची

मी आजवर पुष्कळ नवस बोलले. सोळा सोमवार केले, मुलाच्या परीक्षेसाठी वर्षभर गूळ सोडला. पण सगळ्यांत कठीण गेला तो सोनकाठच्या साळाईला बोललेला नवस, आणि तो ऐकून माझी जाऊ हसलीच होती. माझ्या उजव्या कानात सारख्या खपल्या धरायच्या. खाज सुटली की हात आपोआप अंबाड्याकडे जायचा, केसांतला आकडा निघायचा आणि कानात शिरायचा. खपली निघाली की बरं वाटायचं, दोन दिवसांनी नवी यायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, कानात काही घालू नका. मी मान डोलवायचे आणि घरी येऊन आकडा शोधायचे. डॉक्टरांना दिलेला शब्द मोडला तर कुणाला कळतं? शेवटी साळाईलाच बोलले, "एकवीस दिवस कान कोरणार नाही, आणि हा आकडा तुझ्या रांजणात टाकीन."

ही साळाई कोण, ते सांगते. लेकरं असतील तर त्यांनाही जवळ बसवा, यात भिण्यासारखं काही नाही. संशय घेण्यासारखं मात्र पुष्कळ आहे.

सोनकाठच्या नदीवर तेव्हा पूल नव्हता आणि गावात काडेपेटीही आली नव्हती, इतकी ही जुनी गोष्ट. त्या वर्षी बाजरी अशी पिकली की मळणी महिनाभर चालली. भुसा हवेत तरंगायचा, मानेला चिकटायचा, कानांत बसायचा. कान खाजू लागले. मग कुणी तुरीची काडी घेतली, कुणी कोंबडीचं पीस, कुणी दाभण. कोरलं की ओरखडा उठायचा, ओरखड्यावर खपली धरायची, खपली खाजायची, ती काढली की खाली पुन्हा ओलं. असं म्हणतात की संक्रांतीपर्यंत अख्ख्या सोनकाठात खपली नसलेले कान फक्त मारुतीचे उरले होते, आणि तेही दगडाचे होते म्हणून.

त्याच दिवसांत साळूबाई आली. नदीच्या वरच्या अंगानं आली, एकटी, डोक्यावर गाठोडं. नदी पायी ओलांडायच्या उताराजवळ एक ओसाड झोपडी होती, ती तिनं सारवून घेतली आणि तिथंच राहिली.

"कुठल्या गावची?" बायकांनी विचारलं.

"वरच्या."

"कुणाची?"

"माझीच."

एवढंच बोलायची. एकट्या बाईनं एवढंच बोललेलं गावाला पुरत नाही.

ती कान बघायची. कोवळ्या उन्हात माणसाला बसवायची, कानाची पाळी हलकेच मागे ओढायची आणि नुसतं बघायची. कानात ना तेल घालायची, ना काडी, ना फुंकर. मग विचारायची, "कशानं कोरता?"

"कोरत नाही," प्रत्येक जण सांगायचा.

"मग खपली कशाची?"

"थोडं खाजवतो."

"ज्यानं खाजवता ते घेऊन या."

दाराशी एक रांजण होता, झाकणाचा. ज्याची वस्तू त्यानं आपल्या हातानं आत टाकायची. ती एकवीस दिवस तिथंच राहणार आणि तोवर कानाला हात लावायचा नाही, एवढं तिचं औषध. बाकी माणूस बघून सांगायची. पितळी बुगडीखाली कान चिघळला असेल तर म्हणायची, बुगडी काढून ठेव, तुझ्या कातडीला पितळ सोसत नाही. डोक्यातला कोंडा कानामागं उतरला असेल तर आधी डोकं धुवायला लावायची. नदीत डुंबणाऱ्या पोरांना मान कलती करून पाणी निथळू द्यायला आणि कान बाहेरूनच जुन्या मऊ धोतरानं टिपायला शिकवायची. आणि कानातून पू येत असेल, रक्त येत असेल, अंगात ताप असेल, तर हात जोडायची. "हे माझ्या हातातलं नाही, मोठ्या गावी वैद्याकडे जा. आजच जा."

"खपली आपली आपण पडते," ती म्हणायची. "आपण वाट बघायची."

माणसं बरी होऊ लागली. आणि बरी होऊ लागली तसा संशय वाढला. बाई, हे जगाचं असंच आहे. औषध कडू असतं तर कुणी विचारलं नसतं.

"मंत्र म्हणत नाही, अंगारा देत नाही, मग गुण येतो कसा गं?" नदीवर धुणं धुताना एकीनं म्हटलं.

"तीच तर मेख आहे. काड्या कशाला ठेवून घेते? रक्त लागलेलं असतं त्यांना. आपलं रक्त तिच्या रांजणात म्हणजे आपली शेंडीच तिच्या हातात."

"माझ्या सासूनं तर दाभण टाकलंय."

"मग तुझ्या सासूला जप. दाभण केवढं मोठं असतं."

घाण्यावरच्या केरबाला वेगळाच त्रास होता. कान दुखला की लोक त्याच्याकडून तेल न्यायचे आणि कोमट करून ओतायचे. साळूबाई ओतू देत नव्हती. केरबा पारावर बसून म्हणायचा, "देवाला तेल चालतं, दिव्याला चालतं. तेलाला भितं कोण, एवढंच विचारतो. मी कुणाचं नाव घेत नाही." शिवाय कुणीतरी पाहिलं होतं की मागून डाव्या अंगानं हाक मारली तर साळूबाई वळत नाही. माणूस असती तर वळली असती.

अशात पुतळाबाईंचा कान बिघडला. पुतळाबाई म्हणजे हैबतराव पाटलाची आई. त्यांच्या कमरेला किल्ल्यांच्या जुडग्यात एक चांदीचं कानकोरणं असायचं, सासूकडून आलेलं. दुपारचं जेवण झालं की ते घेऊन घटकाभर कान कोरणं हा त्यांचा नेम, पूजेसारखा. आता कान खपल्यांनी भरला होता, त्या कुशीवर झोपता येत नव्हतं. लेक नको म्हणत असताना त्या भर दुपारी चालत उतारापर्यंत गेल्या.

साळूबाईनं बघितलं. "अजून पू नाही, बरं होईल. पण ते कमरेचं कानकोरणं टाकावं लागेल."

"हे सासूबाईंनी दिलंय मला. चांदीचं आहे."

"कानाला काय कळतं चांदीचं, बाईसाहेब."

पुतळाबाईंचा चेहरा कडू झाला. "म्हणजे लोक म्हणतात ते खोटं नाही. काड्यांपासून सुरुवात केलीस आणि चांदीपर्यंत आलीस."

साळूबाईनं डोक्यावरचा पदर डावीकडून मागं घेतला. "या कानात मी चार वर्षांची असताना आईनं तेल ओतलं. कोमट म्हणून ओतलं, ते कढत होतं. मी कान दुखतो म्हणून रडत होते, तिला बघवेना. मायेनंच ओतलं तिनं. तेव्हापासून या बाजूनं मला काही ऐकू येत नाही. तुमची चांदी मला नको. घरात राहिली तर तुमचा हात जाईल, म्हणून म्हणते."

पुतळाबाईंनी जुडग्यातून कानकोरणं सोडवलं आणि रांजणात टाकलं.

हैबतरावला हे कळलं आणि गावाला निमित्त मिळालं. चौथ्या दिवशी सकाळी पन्नास माणसं झोपडीपुढं जमली आणि रांजण आडवा केला. आत काय निघालं? काड्या, पिसं, आकडे, दाभण, कानकोरणं. लिंबू नाही, बिब्बा नाही, बाहुली नाही. जे टाकलं होतं तेच, तेवढंच. तरी संशय जाईना. "आज नाही केलं, उद्या करील," केरबा म्हणाला. तेव्हा ठरलं की ज्यानं त्यानं आपापली वस्तू परत न्यावी, म्हणजे करणीची भीतीच नको. आणि मग गंमत झाली. जे कोरत नव्हते, नुसते खाजवत होते, तेच काड्यांवरून भांडू लागले.

"ही माझी, हिचं टोक बघ कसं घासलंय."

"तुझी आखूड होती. ही माझी, दोन वर्षांची आहे."

साळूबाई दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "घरी नेऊन फेका."

कुणी फेकली नाही. पंधरा दिवसांत गावचे कान पुन्हा भरले, आधीपेक्षा वाईट. कुणाचा कान सुजला, कुणाला रात्रभर ठणका. आता कुणालाच शंका उरली नाही. रांजण उलटा केला म्हणून बाईनं सूड घेतला, यापेक्षा मोठा पुरावा कोणता? दुपारी पारावर गाव बसलं आणि साळूबाईला निरोप गेला, उन्हं उतरायच्या आत गाव सोड, नाहीतर झोपडी पेटवू.

निरोप घेऊन माणूस गेला आणि पुतळाबाई पारावर आल्या. पाटलाच्या घरची बाई पारावर येत नसे, म्हणून सगळे उठून उभे राहिले. त्यांनी पदर बाजूला केला आणि कान दाखवला. आत एकही खपली नव्हती.

"हैबती, कानकोरणं तू परत आणलंस. मी त्याला हात लावला नाही, देवघरात तसंच पडलंय. आता एकच सांगा मला. परत नेलेली वस्तू कानात घातली नाही असा आहे का कुणी?"

माणसांचे हात आपसूक कानांवर गेले. तेवढ्यात बायकांतून केरबाची बायको सरू पुढं आली. "मी नाही घातली," ती म्हणाली. "करणीच्या भीतीनं मी माझी काडी त्याच दिवशी चुलीत टाकली."

"कान दाखव."

सरूचा कान स्वच्छ होता. केरबा म्हणाला, "मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलंत का? तुम्ही भुताबद्दल बोलत होता."

असं म्हणतात की कुणीच हसलं नाही. मग सगळे एकदम नदीकडं धावले. झोपडी झाडलेली होती. रांजण पुन्हा उभा करून त्यावर झाकण ठेवलेलं होतं. साळूबाई नदीपलीकडं पोचली होती आणि काठानं वरच्या अंगाला चालली होती. वाळूत तिची पावलं पलीकडं दिसत होती, अलीकडं एकही नव्हतं. कुणी म्हणतं वारा होता, कुणी म्हणतं ती पाण्यावरून गेली. मी आपलं ऐकलं तसं सांगते.

गावानं हाका मारल्या. हैबतरावनं मारली, बायकांनी मारल्या, शेवटी केरबानंही मारली. ती वळली नाही. ती ज्या अंगाला चालली होती त्या अंगानं गावाकडं तिचा डावा कान होता. पण पुतळाबाई मरेपर्यंत म्हणत होत्या की पहिल्या हाकेला तिचं पाऊल किंचित अडखळलं होतं. तिला ऐकू आलं नाही, की ऐकून ती थांबली नाही? सोनकाठच्या मनात हा संशय अजून आहे. दुसऱ्यांवर संशय घ्यायची त्या गावाची सवय मात्र तेव्हापासून मोडली. कुणाबद्दल काही वाटलं तर त्याच्या दाराशी जाऊन, उजव्या बाजूला उभं राहून, तोंडावर विचारायचं, असा तिथला रिवाज आहे.

झोपडीच्या जागी आज साळाईचा ओटा आहे. मूर्ती नाही, शेंदूर नाही, तेल तर नाहीच. तो रांजण पुढं फुटला, तसे कितीतरी फुटले, पण तिथं रांजण असतोच. मळणी उरकली की गाव रांगेनं येतं आणि आपापली वस्तू टाकतं. आता त्यात केसांचे आकडे असतात, काडेपेटीच्या काड्या, कापूस लावलेल्या काड्या, पेनाची टोपणं, मोटारसायकलच्या जुन्या किल्ल्या. रांजण भरला की नदीकाठी पुरतात. नवस घेणारी म्हातारी आधी प्रत्येकाला विचारते, कानातून पू येतो का, रक्त येतं का, ऐकू कमी येतं का? हो म्हटलं की ती नवस घेत नाही, दवाखान्यात पाठवते. तुमचं भलं होवो म्हणते आणि पुढच्याला बोलावते.

माझा कान बरा आहे. कधी कोरडा पडून खाजला तर डॉक्टरांनी दिलेलं मलम बाहेरून लावते आणि हात मांडीवर ठेवते.

आता एक मागणं आहे तुमच्याकडं. सोनकाठला जायलाच हवं असं नाही. तुमच्या हाताला ज्याची सवय आहे ते आज घरातल्या एखाद्या डब्यात टाका, झाकण लावा आणि साळाईचं नाव घेऊन एकवीस दिवस सोडा. पहिले तीन दिवस फार कठीण जातात, हे मी आधीच सांगून ठेवते. तेवढे माझ्या भरवशावर काढा.