कासारणीने ज्वारी कुठे ठेवली?

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान देऊन ऐकावी, कारण टोचणार आहे ती त्यांनाच.

नदीकाठी एक गाव होतं. दर पावसाळ्यात पाणी घरात शिरायचं, म्हणून तिथे पेव खणायची सोय नव्हती. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं खोल कोठार. मग ही माणसं पेरणीचं बियाणं टेकडीवरच्या गावात, दुसऱ्याच्या पेवात ठेवायची. कुणाच्या पेवात ठेवायचं, हे विचारायचं कासारणीला. ती दोन्ही गावांत बांगड्या भरत हिंडायची. बायकांचे हात हातात घेऊन बसणारी बाई. तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर?

टेकडीवरच्या एका मोठ्या पेववाल्याने हे बरोबर हेरलं. तू धाडशील त्या घरामागे तुला एक पायली ज्वारी, असं त्याने तिला सांगितलं. कासारणीला वाटलं, पेव तर चांगलं कोरडं ठणठणीत आहे. खरं तेच सांगायचं आणि वर ज्वारी मिळत असेल, तर आपल्या बापाचं काय जातं? घेतली की तिने!

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी तिने इतकी घरं धाडली की पेववाल्याला जागा पुरेना. त्याने घाईघाईने नवी पेवं खणली. पेव खणलं की आत जाळ करून भिंती भाजाव्या लागतात, नाहीतर ओल धरते. एवढा दम कुणाला? त्याने तसंच धान्य भरलं. बांगड्या भरायला गेलेल्या कासारणीने एका उघड्या पेवाच्या भिंतीला हात लावला, तर तळवा ओला झाला. ती कुणाला काही बोलली नाही. आपली ज्वारी मात्र गुपचूप टेकडीवरच्याच एका म्हाताऱ्या लोहाराच्या लहानशा, कोरड्या पेवात नेऊन ठेवली. केवढी शहाणी, बघा!

पुढच्या बाजाराला नदीकाठची एक बाई तिच्याकडे आली. नवरा त्याच साली वारलेला, पदरात दोन लेकरं आणि बियाण्याचं एकच पोतं. ते कुजलं तर शेत पडीक राहणार होतं. कासारणीच्या तोंडी सवयीने मोठ्या पेववाल्याचंच नाव आलं. तो शेजारीच उभा राहून मिशीत हसत होता.

बाईने मान डोलावली आणि सहज विचारलं, "मावशी, तुमची ज्वारी कुठं असते हो?"

कासारणीचा हात थांबला. तिने पेववाल्याकडे बघितलं, मग त्या एकुलत्या एक पोत्याकडे. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती. ती उठून उभी राहिली.

"माझी ज्वारी लोहाराच्या पेवात आहे," ती भर बाजारात म्हणाली. "आणि ती मला ह्याने दिलीय, तुम्हाला ह्याच्याकडे धाडल्याबद्दल. घरामागे पायली. ह्याची नवी पेवं ओली आहेत. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले."

पेववाला खवळला. खाल्ल्या घरचे वासे मोजतेस, पुन्हा टेकडीवर दिसलीस तर बांगड्यांची टोपली फोडीन, असं त्याने धमकावलं.

"फोड," ती म्हणाली. "बांगड्या काचेच्या आहेत. जीभ नाही."

त्याने खरंच टोपली फोडली. ती तशीच घरोघर गेली, आणि लोकांनी दिलेल्या शिव्या तिने खाली मान घालून ऐकल्या. त्या तिच्या हक्काच्याच होत्या. पेवं उकरून धान्य उन्हात घातलं, तेव्हा बरंचसं वाचलं. दोन घरांचं कुजलं होतं. लोहाराकडे ठेवलेली आपली सगळी ज्वारी तिने त्या दोन घरांत नेऊन ओतली.

टेकडीवर तिला बंदी झाली. मग टेकडीवरच्या बायकाच बांगड्या भरायला नदीकाठी उतरू लागल्या. आता म्हणा काय म्हणायचं ते!

दुसरे पेववालेही पायली घेऊन आले. ती म्हणायची, द्या की, पण तुमचं नाव सांगताना पायलीही सांगेन. मग कुणी दिली नाही. वर्षभर रिकाम्या पेवांवर बसून कंटाळलेल्या त्या मोठ्या पेववाल्याने अखेर भिंती भाजल्या आणि तिलाच बोलावलं. तिने हात आत घालून बघितला आणि गावाला सांगितलं, "आता कोरडी आहेत. हे सांगण्याबद्दल मला काही मिळालेलं नाही."

त्या वर्षी लोकांनी त्याच्याकडे बियाणं ठेवलं.

बोध असा: दुसऱ्याला जागा सुचवताना आपल्याला काय मिळतं ते आधी सांगावं, आणि जिथे स्वतःचं ठेवणार नाही तिथे दुसऱ्याचं धाडू नये.