भट्टीखालची ब्राह्मी

पूर्वी माहिष्मती नगरीत भद्रसेन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका वैद्याच्या कुळात जन्मले होते आणि वैद्यकी करता करता म्हातारे झाले होते. सोमिल वैद्य म्हणून सारी नगरी त्यांना ओळखे. त्यांच्या ब्राह्मीच्या तुपाची बुधली घरोघरी असे: कुणी झोपेसाठी घेई, कुणी पोरांची बुद्धी तल्लख व्हावी म्हणून चाटवी.

त्या वर्षी मात्र सोमिल पार थकून गेले होते. रोगी बरे होईनात. पोटात मुरडा, तोंडाला चव नाही, अंगात बळ नाही. पूर्णक विणकराची तर मनगटं लुळी पडली, त्याला धोटा फेकवेना. सोमिलांनी तुपाची मात्रा वाढवली. तो आणखी खंगला. त्यांनी पुन्हा वाढवली. अरेरे, आगीत तेलच ओतलं म्हणायचं!

एके सकाळी पूर्णकाची जीभ बघताना त्यांना हिरड्यांच्या कडेला काळसर निळी रेघ दिसली. अशी रेघ त्यांनी आजवर फक्त शिसं गाळणाऱ्या भट्टीवाल्यांच्या तोंडात पाहिली होती. पूर्णक तर भट्टीच्या वाटेलाही गेला नव्हता. "तूप तूर्त बंद ठेव," एवढंच सांगून ते उठले.

ब्राह्मी आणून देई ती कुरंगी. पाला-मुळ्या वेचणाऱ्याला जागा विचारायची नाही, अशी वैद्यांची रीत होती. जागा हीच त्याची भाकरी. चाळीस वर्षं पाळलेली ती रीत सोमिलांनी त्या दिवशी मोडली.

कुरंगी आधी फणकारली. "इतकी वर्षं नाही विचारलंत, आजच काय नडलं?" मग त्यांचा चेहरा पाहून नरमली. "भट्ट्यांखालच्या ओहोळावरनं आणते, आजोबा. डोंगरात आता पान उरलंय कुठं? आणि पान जाड हवं, हिरवंगार हवं, असं तुम्हीच म्हणता ना? तिथं तसलंच येतं."

त्या ओहोळात शिशाच्या भट्ट्यांची राख धुतली जाई. "तुझा दोष नाही गं बाई," सोमिल म्हणाले. "विचारायचं काम माझं होतं."

येत्या पौर्णिमेला राजा त्यांना राजवैद्य करणार होता. अमात्याला हे कळलं, तेव्हा तो कानाशी लागला, "वैद्यबुवा, ब्राह्मी बदला आणि गप्प राहा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि घरोघरी बुधल्या आहेत, त्यांचं काय?" सोमिल म्हणाले.

ते दारोदार निघाले. प्रत्येक दाराशी तेच बोलायचं: माझ्या तुपात शिसं आहे, माझंच औषध तुम्हाला बाधलं, बुधली परत द्या. कुणी शिव्या घातल्या, कुणी तोंडावर दार लावलं. राजानं पद दुसऱ्याला दिलं. पाय सुजले, घसा बसला. कंटाळा आला त्यांना, खरंच आला, बोधिसत्त्वांनाही येतो. पूर्णकाचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. तिथं जायचा धीरच होत नव्हता.

गेले तेव्हा पूर्णकाची बायको तिष्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. बोटावर तूप होतं.

"या बाबा," ती म्हणाली. "ह्यांचं बंद केलंत ना? म्हटलं वाया कशाला घालवायचं, पोरीला तरी चाटवू."

सोमिलांनी झडप घालून तिचा हात धरला. अर्धंच सांगून आपण काय करून बसलो होतो, ते त्यांना त्या क्षणी कळलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. तिष्येनं बोट पदराला पुसलं, पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

पूर्णकानं लोंबते हात पुढे केले. "हे परत येतील का?"

"मला माहीत नाही, बाळा," सोमिल म्हणाले आणि रडू लागले.

विहारातल्या भिक्षूंना एवढी गोष्ट सांगून शास्ते, म्हणजे भगवंत, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची कुरंगी म्हणजे विहारासाठी औषधं वेचणारी आपली उपासिका. तो अमात्य म्हणजे, विहारातले बुरशी आलेले हिरडे गुपचूप वाटून टाका असं काल म्हणणारा हा भिक्षू. तिष्येच्या मांडीवरची लेक आज तुमच्यासमोर थेरी, म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणी, होऊन बसली आहे. सोमिल वैद्य मीच होतो. आपल्या हातून झालेलं अहित पुरतं सांगून टाकणं, ही सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."