ठकू भोईणीची घागर

शके अठराशे बावीस, वैशाखाची अखेर. आदल्या साली पाऊस फिरकला नव्हता. आरळवाडीच्या कणग्या झाडून झाल्या होत्या. आरळा नदी ठिकठिकाणी तुटली होती. पाणी उरलं होतं ते वर, घाटाच्या तोंडाशी, कोंडजाईच्या कोंडात. त्या खोल डोहात सोनेरी खवल्यांचे मोठे मासे राहत. ते देवीचे. त्यांना कुणी हात लावत नसे.

त्या वर्षी लावला. जाळी फक्त भोयांकडं होती, आणि भोयांत धड उभी राहू शकत होती ती एकटी ठकू. तिचं लेकरू अंगावर पीत होतं आणि दूध आटलं होतं. ती काठावर उभी राहून म्हणाली, “आई, उसनं नेते. ह्याच घागरीनं नेते, ह्याच घागरीनं भरून आणीन.”

तांब्याच्या घागरीतून मासे गावात गेले. घरोघरी शिजले. गाव जगलं, लेकरू जगलं.

पुढं पाऊस पडला. दर आषाढात नदीला लाल पाणी आलं की त्याच जातीचे चढणीचे मासे खालच्या मुलखातून धार कापत येत आणि कोंडातल्या गोट्यांत अंडी घालत. कोंड आपोआप भरू लागला. गाव म्हणालं, देवीनं सोडून दिलं. ठकूही तसंच समजली. चूक झाली ती इथं; घागर भरून परत गेलीच नव्हती.

बरीच वर्षं गेली. खालच्या पट्ट्यातल्या उसासाठी खिंडीत धरण बांधलं. गाव भिंतीच्या खाली राहिलं, कोंड साचल्या पाण्याच्याही पलीकडं वर राहिला. पुढच्या आषाढात मासे आले आणि भिंतीशी अडले. उसळ्या मारून दगडावर डोकी आपटू लागले. दारावर कुणी थाप द्यावी तसा तो आवाज गावात ऐकू येई, असं म्हणतात.

गाव दारं लावून बसलं. ठकू आता म्हातारी होती, पण तिनं थाप ओळखली. तिनं घागर घासली, पायथ्याशी मासे धरले आणि वर नेऊन धरणाच्या पाण्यात सोडले. सकाळी ते पोट वर करून तरंगत होते. वाहत्या पाण्याचे जीव ते.

ठकू स्वतःवरच संतापली. “शेजारणीचं पीठ कुणी उंबऱ्यावर ओतून येतं का? चुलीपर्यंत न्यायला हवं.”

बाबाजी गुरव देवळाच्या पायरीवरून हसला. “ठकू, कालवणाला एवढे मासे?”

“कालवणाला असते तर घरी नेले असते, बाबाजी. चढ कशाला चढले असते?”

भिंतीवरच्या मुकादमानं तिला अडवलं. “म्हातारे, इथून वाट नाही. निघालीस कुणाकडं?”

“जिचं देणं आहे तिच्याकडं.”

“मग कड्यानं जा.”

ती कड्यानं गेली. त्या कड्यावर शेळी चढत नव्हती. ठकू भरली घागर डोक्यावर घेऊन चढली आणि थेंब सांडला नाही, असं म्हणतात. ती जिथं टेकली तिथं खडकात खळगा पडला. त्यातलं पाणी चैत्रातही आटत नाही, असं म्हणतात.

आषाढामागून आषाढ गेले. एकदा घागर ओतून तिनं वाकून पाहिलं. कोंडाचा तळ दिसेना. नुसतं सोनं हलत होतं.

तिनं घागर काठावर पालथी घातली. मग ती घेऊन खाली आली आणि बाबाजीला म्हणाली, “माझ्या घरचं फिटलं. गावाचं गावानं बघावं.”

त्या श्रावणात ती गेली.

पुढच्या आषाढात पुन्हा थाप ऐकू आली. बाबाजीनं ती बसून ऐकली. दुष्काळात त्याच्या चुलीवरही ते मासे शिजले होते. तो उठला, ठकूच्या घरी गेला आणि तिच्या लेकाकडं घागर मागितली.

“चुंबळही न्या, काका,” लेक म्हणाला. “कडा लांब आहे.”

तेव्हापासून आषाढात लाल पाणी आलं की आरळवाडीत एका घराची पाळी असते. पायथ्याशी मासे धरायचे, ठकूची घागर भरायची आणि कड्यानं कोंडापर्यंत न्यायची. खळगा लागला की घोटभर पाणी प्यायचं आणि पुढं व्हायचं. मासे सोडले की ज्याची पाळी तो घागर पालथी घालतो आणि म्हणतो, “ठकूआई, आमच्या घरचं फिटलं.”

मग त्या घरचे सगळे खाली येतात. घागर पुढच्या पाळीच्या घरी ठेवतात.